लिंगम्मा जिथं थांबायची

रविवारी प्रार्थनाघरात सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत, तेव्हा लिंगम्मा एका ठिकाणी थांबायची. स्वर्गातल्या बापाचं नाव ती घ्यायची, रोजची भाकरी मागायची. मग, जशी आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची ती ओळ आली की ओठ मिटून घ्यायची. बाकीचे पुढं गेले की पुन्हा त्यांच्यात मिसळायची. सारवलेल्या जमिनीवर दाटीवाटीनं बसलेल्या माणसांत एका बाईचा आवाज गळला तर कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण तिच्या शेजारी सिद्धम्मा बसायची आणि तिला ते कळत होतं. सिद्धम्माच्या नवऱ्यामुळंच ती ओळ गळत होती.

संतपूरहून बीदरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या हाताला हे गाव होतं. गावाच्या खालच्या अंगाला मांगवाडा. तिथली बरीचशी घरं लिंगम्माच्या सासऱ्याच्या काळातच ख्रिस्ती झाली होती. घरं तीच राहिली, कामंही तीच. अंबाडीचा वाख काढून दोर वळायचे, शिंदीच्या केरसुण्या बांधायच्या, पेरणीच्या आधी गावातल्या शेतकऱ्यांना कासरे पुरवायचे. बाप्तिस्म्याच्या वेळी लिंगम्माला मार्था असं नाव मिळालं होतं, पण ते पाद्रीच्या तोंडातून बाहेर पडलं तेवढंच. पाद्रीला तिकडं अय्यगारू म्हणत. तो बीदरहून वर्षाकाठी तीन-चारदा यायचा. एरवीचे रविवार वाड्यातली वडीलधारी माणसं चालवायची, आणि त्यांच्यात पहिला सिद्धम्माचा नवरा, काशप्पा.

काशप्पाचं तोंड चांगलं होतं. निजामाच्या अमलात चावडीवर कुणी हुद्देदार आला की वाड्याच्या वतीनं हात जोडून उभा राहायचा तो हाच. कुठं वाकायचं, कुठं थांबायचं, मागणं कधी मांडायचं हे त्याला बरोबर जमायचं. प्रार्थनाघर झाल्यावर साहजिकच तिथंही तोच उभा राहिला. आजारपण असो, बारसं असो, विहिरीला पाणी लागेना झालं असो, काशप्पाला बोलवायचं. तो मागायचा, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. म्हातारा हरिबा म्हणायचा, काशप्पाची प्रार्थना सुरू झाली की जाऊन शेळीची धार काढून यावं, आलं तरी आमेन व्हायचंच असतंय. लोक हसायचे, पण त्यात अभिमानही होता. आपल्यात असा एक मागणारा आहे, मग आपण वेगळं काही मागायची गरज नाही, असं सगळ्यांना वाटायचं. लिंगम्मालाही तसंच वाटायचं.

हैदराबादचं राज्य पडलं त्या वर्षीची गोष्ट. दसरा तोंडावर आला होता. रस्त्यांवर लष्कराच्या मोटारी फिरत होत्या, गावोगावची माणसं इकडची तिकडं पळत होती, आणि रस्त्यावर दिसलेली गाडी कोण कधी वेठीला धरील याचा नेम नव्हता. शेजारच्या गावातून गेलेल्या काही गाड्या परत आल्याच नव्हत्या. अशा दिवसांत लिंगम्माची एकुलती मुलगी रतनव्वा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लिंगम्माचा नवरा आधीच वारला होता. घरात दोघीच.

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारच्या सुमाराला सुईण बाहेर येऊन म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही, बीदरच्या दवाखान्यात न्या. वाड्यात गाडी एकाचीच होती, काशप्पाची. लिंगम्मा धावत गेली. काशप्पा गोठ्याच्या दारातच उभा होता. तो म्हणाला, डावा बैल लंगडायला लागलाय, बीदर गाठायचा नाही. तू हो पुढं, मी येतो, आपण प्रार्थना करू.

तो आला. त्याच्या मागून वाडा आला. रतनव्वाच्या उशाशी गुडघे टेकून त्यानं डोळे मिटले आणि सुरुवात केली. इतकी लांब आणि इतकी सुंदर प्रार्थना त्यानं आजवर केली नव्हती असं पुढं बरेच जण म्हणाले. लिंगम्मा मुलीचे हात धरून बसली होती. तिनं देवाला वेगळं काही म्हटलं नाही. मागणं चाललंय, चांगल्या तोंडानं चाललंय, मध्ये आपण बोलू नये, एवढंच तिला कळत होतं. ऊन भिंतीवरून उतरत दारात आलं. दिवस बुडायच्या सुमाराला रतनव्वा गेली. मूल पोटातच राहिलं.

पुढच्या बाजाराला काशप्पाची गाडी भालकीला गेली. डावा बैल सरळ चालत होता.

लिंगम्मानं त्याला काही विचारलं नाही. ती भांडली असती तर वाड्यानं मिटवलं असतं. भांडण मिटवायची रीत होती. पण तिनं फक्त बोलणं सोडलं. आधी ती त्याला अण्णा म्हणायची, आता तो समोरून आला की पदर ओढून बाजूनं जायची. काशप्पानंही विचारलं नाही. रस्त्यांची भीती होती, गाडी गेली असती तर परत आली नसती, चार पोटं त्या बैलांवर होती, हे सगळं वाड्याला ठाऊक होतं. त्यामुळं त्याला कुणी दोष दिला नाही. आणि लिंगम्माला वेडी कुणी म्हटलं नाही. दोन्ही गोष्टी तशाच राहू दिल्या.

अय्यगारू येणार असला की आदल्या दिवशी, शनिवारी, वाड्याची एक रीत होती. प्रभूभोजनाची भाकरी आणि प्याला घेण्याआधी सगळ्यांनी प्रार्थनाघरासमोर जमायचं. वडीलधाऱ्यातलं कुणीतरी विचारायचं, कुणाचा कुणाशी अबोला आहे का? ज्यांचा असेल त्या दोघांनी पुढं येऊन एकाच तांब्यातलं पाणी प्यायचं. पाणी न पिणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी भोजन घ्यायचं नाही. ही रीत अय्यगारूंनी घालून दिली नव्हती. वाड्यानंच केव्हातरी पाडली होती आणि बायबलाइतकीच घट्ट धरली होती. तो प्रश्न आला की लिंगम्मा उठून घरी जायची. रविवारी मागच्या भिंतीशी बसून राहायची. भाकरी तिच्यासमोरून निघून जायची.

असं वर्षामागून वर्ष गेलं. तिचे केस पांढरे झाले. हात दोर वळत राहिले. बाया तिला म्हणायच्या, तू फार थकायलीस ग अलीकडं. आणि ती म्हणायची, काम कुठं जास्तीचं हाय. कामानं ती थकत नव्हतीच. सकाळी उठल्यावर जे पहिलं आठवायचं, तेच रात्री पडताना शेवटचं आठवायचं. मध्ये दिवसभर ते कुठं तरी पाठीवर असायचं.

पाचव्या वर्षी नवा अय्यगारू आला. तरुण होता, सायकलवरून यायचा, धुळीनं माखलेला. भाषा त्याची कानडी-मराठीची मिसळ, आणि ऐकायची सवय चांगली. पहिल्याच रविवारी त्यानं मागं बसलेली लिंगम्मा पाहिली, चौकशी केली, आणि पुढच्या खेपेला शनिवारी सकाळीच येऊन तिच्या दारात बसला.

त्यानं समजुतीनंच घेतलं. क्षमा मनातून येईपर्यंत थांबू नका, म्हणाला. ओळ म्हणत राहा, म्हणता म्हणता मन तिच्या मागून येतं. लिंगम्मा वाख विंचरत ऐकत होती.

"मन मागं ऱ्हातंय आन् तोंड पुढं जातंय, ते मी बघितलंय अय्यगारू," ती म्हणाली. "पहिल्यांदा मीबी म्हणायचेच की. एका रविवारी तोंड म्हणायलं होतं आन् मी काशप्पाच्या गोठ्यात उभी होते, बैलाचा पाय चाचपत. तवापासून सोडलं. माणसाशी खोटं बोलावं लागतंय. देवाशी कामून बोलू?"

अय्यगारूनं विचारलं की काशप्पानं येऊन बैलाचं खरं सांगितलं, चुकलं म्हणाला, तर ती पाणी पिईल का.

"बैलाचं तर सगळ्या वाड्याला ठावं हाय. त्यात काय सांगायचंय?" ती म्हणाली. "मला वेगळं इचारायचंय. त्या दिशी दुपारपासनं त्यानं मागितलं. खरंच मागितलं का, ते मला कळू दे. खरंच मागितलं असंल आन् तरी देवानं दिलं न्हाई, तर माझं भांडण काशप्पाशी न्हाई. वर हाय."

अय्यगारू उठून काशप्पाच्या घरी गेला. तिथं त्यानं उपदेश केला नाही. लिंगम्माला काय विचारायचं आहे तेवढं तिच्याच शब्दांत सांगितलं आणि सायकल घेऊन शेजारच्या गावी निघून गेला.

काशप्पा जेवायला बसला होता. त्यानं ताट सारलं. पाहू, म्हणाला. सिद्धम्मा चुलीपाशी होती. तिचं आणि नवऱ्याचं या विषयावर कधी बोलणं झालं नव्हतं. पण रविवारमागून रविवार शेजारी बसून त्या ओळीतला खंड ऐकणारी तीच होती. ती शांतपणे म्हणाली, जाऊन या. न्हाई गेलात तर उद्यापासनं त्या ओळीला मीबी थांबणार.

दुपार कलायला लागली होती. लिंगम्मा अंगणात लिंबाच्या सावलीला दोर वळत होती. काशप्पा आला आणि ओट्यावर न बसता खाली मातीतच बसला. एवढ्या वर्षांत तो या अंगणात आला नव्हता. तिनं पदर ओढला, पण उठली नाही.

ज्याच्या तोंडात शब्द कधी अडकत नसत तो माणूस दोन वेळा घसा खाकरून गप्प बसला.

"मी मागितलं न्हाई," तो शेवटी म्हणाला.

लिंगम्माचे हात चालत राहिले.

"तोंडात रतनीचं नाव होतं. ते आपलं आपण चालायलं होतं, सवयीनं. आत मी वेगळंच म्हणायलो होतो. लवकर दिस बुडू दे. दिस बुडला की गाडी जोडा म्हणून कुणी म्हणायचं न्हाई. कुणी उठून गोठ्यात जाऊ नये, बैलाचा पाय बघू नये. म्हणून लांबवत होतो. तेवढंच मागायलो होतो, लिंगम्मा. पोरीचं काईच मागितलं न्हाई."

तिनं विचारलं, "आन् तवापासनं?"

"तवापासनं तसंच हाय," तो म्हणाला. "तोंड चालतंय. मी कुठं असतो मलाच ठावं न्हाई. लोक आमेन म्हणतेत."

लिंगम्मानं दोर खाली ठेवला. तिच्या चेहऱ्याकडं पाहायचं काशप्पाला धाडस झालं नाही, त्यामुळं तिला काय झालं हे त्याला दिसलं नाही. तिला राग आला नव्हता. गेली पाच वर्षं तिनं त्या दुपारचं एकच चित्र मनात धरलं होतं: सगळं घर मिळून एका दारावर धडका देतंय आणि आतून कुणी उघडत नाही. सकाळी डोळे उघडले की ती त्या मिटलेल्या दाराकडंच पाहायची. आणि आता हा माणूस सांगत होता की दारापाशी कुणी गेलंच नव्हतं. त्यानं हाक मारली नव्हती. वाड्यानं मारली नव्हती, वाडा त्याच्या आवाजावर आमेन म्हणत होता. आणि तिनं स्वतः?

कुणी खरं मागितलं असतं तर रतनव्वा वाचली असती असं तिला वाटलं नाही. ती तेवढी भाबडी नव्हती. मनापासून मागणाऱ्यांच्या लेकीही गेलेल्या तिनं पाहिल्या होत्या. पण माणसांनी भरलेल्या त्या घरात तिची पोर एकटी गेली होती, हे आज तिला कळलं. आणि आई हात धरून शेजारीच बसली होती.

"मीबी न्हाई मागितलं," ती म्हणाली. "तुमी मागायलात म्हणून मी गप होते."

काशप्पा खाली मान घालून रडत होता. म्हातारपणाकडं झुकलेल्या माणसाचं रडणं, आवाज नसलेलं. मला सोड, असं तो म्हणाला. मला क्षमा कर असं त्याच्या प्रार्थनेतल्या भाषेत तो म्हणाला नाही.

"न्हाई सोडवत अण्णा," लिंगम्मा म्हणाली. "आज सोडलं म्हणाले तर तुमच्यासारखंच हुईल. तोंड म्हणंल. बसा तसंच. त्या दिशी ऱ्हायलं ते मी आता मागते. तुमी आमेनबी म्हणू नका."

तिनं गुडघे टेकले नाहीत. मांडीवर वाख होता, तो तसाच राहिला. डोळे मिटायचंही तिच्या लक्षात आलं नाही. समोरच्या मातीकडं पाहत ती रोजच्या आवाजात बोलली.

"बापा, मी लिंगम्मा. रतनीची आई. त्या दिशी मी तुला काई बोलले न्हाई. मला वाटलं बोलणं चाललंय. आज बोलायलेय. पोर तुझ्याकडं हाय का न्हाई मला दिसत न्हाई, हाय असं धरून चालते. हा माणूस समोर बसलाय. ह्याला मला सोडवत न्हाई. सोडावं असंबी वाटत न्हाई, खोटं कामून सांगू. पण हे वागवून मी लई दमलेय. माझ्याकडनं हुईना. तूच काय ते कर."

आमेन म्हणायचं राहिलं. तिनं दोर उचलला. काशप्पा आणखी थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरात सुरुवातीच्या प्रार्थनेसाठी सगळे काशप्पाकडं पाहू लागले. तो उठला नाही. हरिबाला पुढं करा, म्हणाला. हरिबानं आयुष्यात चारचौघांत प्रार्थना केली नव्हती. तो उभा राहिला, देवाला राम राम म्हणता म्हणता सावरला, पाऊसपाणी बरं असू दे, पोरं बरी असू देत, एवढं मागून खाली बसला. बायांत खसखस पिकली. भोजनाच्या वेळी काशप्पा पुढं गेला नाही. पुरुषांच्या बाजूच्या मागच्या भिंतीशी जाऊन बसला. भाकरी दोघांच्याही समोरून गेली. क्षमेच्या ओळीला लिंगम्मा नेहमीसारखी थांबली.

वाड्याला हे आवडलं नाही. चांगलं तोंड असलेल्या माणसानं गप्प बसावं आणि हरिबानं मागावं, हे कुठलं? कुणी म्हणालं, अय्यगारूनं काशप्पाला काही तरी करून ठेवलं. कुणी आजारी पडलं की अजून काशप्पालाच बोलवायचे. तो यायचा, उशाशी बसायचा आणि म्हणायचा, तुमचं माणूस हाय, तुमीच मागा; मी बसतो संगं. लोक अवघडायचे. दोन वाक्यांत संपायचं. हरिबा म्हणायचा, आता शेळीची धार काढायला येळच गावंना.

लिंगम्मा रोज मागत राहिली. मागणं तेच होतं. तिनं ते वाढवलं नाही, सजवलं नाही. सोडवत नाही, दमलेय, तूच कर. कधी पाणी आणताना, कधी वाख भिजत घालताना. काही दिवस असे जायचे की काशप्पाची गाडी कुरकुरत समोरून जायची आणि सगळा राग पहिल्या दिवसासारखा उभा राहायचा. मग ती तेही सांगायची. आज तर मरू दे वाटलं त्याला, बापा, खोटं न्हाई सांगत. उत्तर आलं असं तिला कधी वाटलं नाही. पण बोलून झाल्यावर पाठ जराशी सैल व्हायची. आधी ती सैल व्हायची नाही, एवढाच फरक होता.

जोंधळ्याची काढणी चालू होती. अय्यगारू पुन्हा यायचा होता. तो शनिवार होता. लिंगम्मा पेंढ्या बांधून दमून शेतावरून परत येत होती. वाड्याच्या तोंडाशी काशप्पाचा गोठा लागतो. तो ओलांडून ती बरीच पुढं, विहिरीपर्यंत आली आणि थबकली. आज तिनं बैलाच्या पायाकडं पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या गोठ्यावरून जाताना नजर तिकडं गेली नाही असं झालं नव्हतं. बैलही आता दुसरा होता, तरी नजर त्या पायावर जायचीच. ती विहिरीच्या काठाला टेकली. पडलेल्या दाताची जागा जीभ चाचपते तसं तिनं आत चाचपून पाहिलं. दुखत होतं. रतनव्वासाठी दुखत होतं. काशप्पाचं नाव घेऊन पाहिलं. तिथं एक म्हातारा माणूस होता, मातीत बसलेला, आणि तिच्याइतकाच दमलेला.

ती मागं फिरली. संध्याकाळी प्रार्थनाघरासमोर सगळे जमायचे होते, तिथवर ती थांबली नाही. काशप्पाच्या दारात जाऊन तिनं सिद्धम्माला पाणी मागितलं. सिद्धम्मानं तांब्या आणला आणि नवऱ्याला हाक मारली. काशप्पा बाहेर आला, तांब्याकडं पाहून थांबला.

"प्या आधी तुमी अण्णा," लिंगम्मा म्हणाली. "मला लई तहान लागलीय, मी उरलेलं सगळं पिणार."

संध्याकाळी हरिबानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि लिंगम्मा उठली नाही तेव्हा त्यानं तो पुन्हा विचारला, तिला ऐकू गेलं नसेल असं वाटून. ती बसूनच राहिली. काशप्पाही. हरिबानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि तांब्या बाजूला ठेवला.

रविवारी ती ओळ आली. लिंगम्माचा आवाज बारीक निघाला, आणि सवय मोडल्यामुळं बाकीच्यांच्या मागं पडला. सगळे पुढच्या ओळीला लागले तेव्हा तिची अजून संपत होती. शेजारी सिद्धम्मा पुढची ओळ न म्हणता तिच्यासाठी थांबली. मग भाकरी आली आणि लिंगम्मानं हात पुढं केला.

घरी आल्यावर तिनं चूल पेटवली नाही. भर दुपार होती, अंगणात भिजवलेला वाख पडला होता, वाटेनं माणसांची जा-ये होती. ती दारातच पटकुरावर आडवी झाली आणि निजली. लिंगम्माला दिवसा निजलेली कुणी पाहिली नव्हती. सिद्धम्मा कालवण घेऊन आली, दाराशी थांबली, तिचा श्वास चालल्याची खात्री करून घेतली, आणि भांडं झाकून ठेवून पाय न वाजवता परत गेली.